माफीचा साक्षीदार आणि बडोद्याचा आयोग

नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एक विभागीय चौकशी आली. माझी जवळजवळ सर्व नोकरी महाराष्ट्राबाहेर झाली, त्यामुळे भाषा, माणसे, कार्यालयीन रीती हे सर्वच तेव्हा मला नवे होते. सरकारी गोदामातील साखरेच्या पोत्यांत मोठी तूट निघाली होती. गोदामातील लिपिकाने पहिल्याच दिवशी कबूल केले की नोंदवहीत खोट्या नोंदी त्याने केल्या. मात्र त्या गोदामपाल आणि रात्रपाळीचा चौकीदार यांच्या दडपणाखाली केल्या, असे त्याचे म्हणणे होते. कुलूप चौकीदाराने उघडले, ट्रक त्यानेच आत घेतला, असे तो सांगत होता. तो नीट बोलत होता, तारखा अचूक सांगत होता, कागद दाखवत होता. चौकीदार मात्र एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत होता : "साहेब, किल्ली माझ्याजवळ नसतेच."

मी अहवालात लिहिले की लिपिकाने स्वतःचा दोष मान्य केला असल्याने त्याच्या कथनावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. चौकीदाराचे म्हणणे मात्र 'केवळ आत्मसमर्थनार्थ' आहे. लिपिकाची एक वेतनवाढ रोखली गेली आणि चौकीदार बडतर्फ झाला. त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते या लेखाच्या शेवटी सांगतो. तत्पूर्वी एका जुन्या खटल्याची हकीकत सांगायची आहे. ती मी त्या चौकशीच्या आधी वाचली असती तर माझा अहवाल वेगळा झाला असता, असे मला वाटते.

हा खटला म्हणजे १८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर चाललेली चौकशी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला बडोदे परके नाही. पण आपल्याला आठवते ते सयाजीराव महाराजांचे बडोदे, त्यांची ग्रंथालये आणि सक्तीचे शिक्षण. सयाजीरावांना गादी मिळाली ती कशामुळे रिकामी झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

स्वार्थाची साक्ष म्हणजे काय?

साक्षीदार स्वतःच्या फायद्याचे बोलतो तेव्हा त्याचे काय करायचे, हा न्यायव्यवहारातील फार जुना प्रश्न आहे. मराठेशाहीतील निवाड्यांत अग्रवादी आणि पश्चिमवादी या दोघांच्याही तकरिरी लिहून घेत, पण निवाडा तेवढ्यावर होत नसे. गोतातील लोकांच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या जात, कागदपत्रे पाहिली जात. इंग्लंडने मात्र दीर्घकाळ टोकाचा मार्ग धरला होता. ज्याचा खटल्याच्या निकालात हितसंबंध आहे त्याला साक्षीच्या पिंजऱ्यातच येऊ द्यायचे नाही. बेंथॅमने त्यावर कठोर टीका केली. साक्षीदाराचे तोंड बंद करू नका, त्याला बोलू द्या आणि मग त्याच्या बोलण्याचे वजन करा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. १८४३ आणि १८५१ च्या कायद्यांनी इंग्लंडमधील हा निर्बंध बहुतांशी उठला. फौजदारी खटल्यातील आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क तेथे मिळाला तो १८९८ मध्ये.

आपल्याकडे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला पुराव्याचा कायदा १८७२ साली आला. त्यात दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या होत्या. कलम ११४ च्या 'ब' उदाहरणात म्हटले होते की गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीला महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुजोरा नसेल तर ती विश्वासास पात्र नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकेल. कलम १३३ म्हणत होते की दुजोरा नसलेल्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा दिली, एवढ्याच कारणाने ती बेकायदेशीर ठरणार नाही. एक कलम सावध करते आणि दुसरे मोकळीक देते. बडोद्याची चौकशी झाली तेव्हा हा कायदा अवघ्या तीन वर्षांचा होता. तो आयोग म्हणजे काही न्यायालय नव्हते, त्याने फक्त व्हाइसरॉयकडे अहवाल द्यायचा होता. परंतु त्याच्यापुढचा प्रश्न नेमका हाच होता.

पपनसाचे सरबत

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. खंडेराव महाराजांच्या मृत्यूनंतर १८७० मध्ये मल्हारराव गादीवर आले. त्यांचा कारभार वाईट होता, याबद्दल फारसा वाद नाही. १८७३ साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तक्रारींची चौकशी केली आणि हिंदुस्थान सरकारने महाराजांना सुधारणेसाठी १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली. बडोद्याचे रेसिडेंट होते कर्नल रॉबर्ट फेयर. महाराजांनी दिवाण म्हणून आणले होते दादाभाई नौरोजींना. रेसिडेंट आणि महाराज यांचे संबंध पार बिघडलेले होते, आणि फेयर यांचे दादाभाईंशीही पटत नव्हते. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता धाडून फेयर यांच्या बदलीची मागणी केली.

त्यानंतर एका आठवड्याने, ९ नोव्हेंबरच्या सकाळी, फेयर फिरून परत आले आणि रोजच्याप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे त्यांनी दोन-तीन घोट घेतले. त्यांना मळमळू लागले. फळ खराब असेल असे समजून त्यांनी उरलेले सरबत बाहेर ओतून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी काळसर गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, पुढे मुंबईच्या रासायनिक परीक्षकांकडेही नमुना गेला. त्यात सोमल सापडला, आणि चकाकणारी बारीक पूडही. ती हिऱ्याची असल्याचे सांगण्यात आले.

यापुढे काय घडले ते प्रशासकाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. ज्यांच्यावर विषप्रयोग झाला त्या फेयर यांच्याच हाती पहिले काही दिवस तपासाची सूत्रे होती. विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे असल्याची गुप्त बातमी आपल्याला मिळाली आहे, असे त्यांनी डॉक्टरांना कळवले. रासायनिक तपासणीत तांबे मुळीच सापडले नाही. महाराजांच्या खलित्याचा परिणाम म्हणून म्हणा किंवा एकूण परिस्थिती पाहून म्हणा, सरकारने फेयर यांना हलवून सर लुईस पेली यांना पाठवले. तपासासाठी मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसे घेऊन आले.

जबान्यांची साखळी

डिसेंबरच्या उत्तरार्धात रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने, माफीचे वचन मिळाल्यावर, तोंड उघडले. महाराजांनी आपल्याला राजवाड्यावर बोलावून पैसे दिले, रेसिडेन्सीतील बातम्या मागितल्या आणि शेवटी पुड्या दिल्या, त्या आपण सरबतात टाकल्या, असे त्याने सांगितले. त्याच्यानंतर जमादार नरसू याने कबुली दिली. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. त्यांचे खासगी चिटणीस दामोदरपंत हेही पकडले गेले. दामोदरपंत सुमारे पंधरवडा गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात राहिले आणि मग त्यांनीही, माफी मिळाल्यावर, सोमल आणि हिरे आपण महाराजांच्या हुकमाने मिळवल्याचे सांगितले.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी आयोगाचे काम बडोद्यात सुरू झाले. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच. सदस्य सर रिचर्ड मीड, फिलिप मेलव्हिल, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. तीन इंग्रज, तीन हिंदी. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल उभे होते. महाराजांच्या बचावासाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाईन आले. 'सार्जंट' ही तेव्हाच्या ज्येष्ठ इंग्रज वकिलांची पदवी, शिपायाची नव्हे.

बॅलंटाईन यांचा सर्व रोख एका प्रश्नावर होता. हे बोलल्याने या माणसाला काय मिळाले? रावजीला माफी मिळाली होती, म्हणजे त्याच्या जबानीची किंमत त्याच्या स्वतःच्या मानेइतकी होती. त्याच्या पट्ट्यात उरलेल्या सोमलाची पुडी सापडली, ती मुंबईहून आलेल्या अकबर अली या पोलीस अंमलदाराने शोधली. आठवडेच्या आठवडे ती पुडी पट्ट्यातच कशी राहिली आणि नेमकी जबानीनंतर कशी हाती लागली, हा बचावाचा प्रश्न होता. दामोदरपंतांनी स्वतःच मान्य केले की खासगीच्या हिशेबात खोट्या नोंदी करवल्या होत्या. त्यांच्यावर मालकाचे पैसे लांबवल्याचा संशय येऊ शकत होता, आणि त्या संशयातून सुटण्याचा उत्तम मार्ग म्हणजे सर्व काही मालकाच्या हुकमावर टाकणे. हिरे विकल्याचे ज्याने तपासात सांगितले होते, तो हेमचंद जवाहिऱ्या आयोगापुढे येऊन उलटला आणि आपले आधीचे निवेदन दडपणाखाली घेतले गेले, असे म्हणाला. रेसिडेन्सीचा गोमंतकीय बटलर पेद्रू याचेही नाव रावजीने विषाच्या कटात गोवले होते. पेद्रूने पैसे घेतल्याचे मान्य केले, पण विषाची गोष्ट साफ नाकारली.

येथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की सर्व खटला बनावट होता. पण गोष्ट इतकी सोपी नाही. जमादार नरसूला कोणतीही माफी दिली जाणार नाही, असे स्पष्ट सांगितले गेले होते आणि तरीही त्याने कबुली दिली. पुढे तो रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत जाऊन पडला, त्याला वर काढले गेले. जो स्वतःच्या नुकसानीचे बोलतो त्याच्यावर विश्वास ठेवावा, हा पुराव्याच्या शास्त्रातला सर्वमान्य विचार. इंग्रज सदस्यांच्या दृष्टीने नरसूची साक्ष म्हणूनच वजनदार होती. बचाव पक्षाचे उत्तर असे, की पहाऱ्यातल्या गरीब माणसाला 'माफी नाही' असे सांगितले तरी आशा सुटत नाही. साहेबांना हवे ते सांगितले तर साहेब दया करतील, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. स्वार्थ केवळ लेखी वचनाने मोजता येत नाही आणि त्याच्या नुसत्या शक्यतेने साक्ष खोटीही ठरत नाही.

महाराजांचे निवेदन आणि रेसिडेंटची साक्ष

स्वतः मल्हाररावांचे काय? त्यांनी आयोगापुढे लेखी निवेदन दिले. विष मिळवण्याशी वा देण्याशी आपला कसलाही संबंध नाही, असे त्यात होते. ही शपथेवरची साक्ष नव्हती, त्यांची उलटतपासणी झाली नाही. अशा निवेदनाला कोण किती किंमत देणार? निर्दोष माणूस जे बोलेल तेच दोषी माणूसही बोलेल, म्हणून ते ऐकून बाजूला ठेवले जाते. माझ्या चौकीदाराच्या वाक्याचे मी नेमके हेच केले होते.

आणि कर्नल फेयर? त्यांच्या साक्षीकडे 'स्वार्थाची साक्ष' म्हणून कुणी सहसा पाहत नाही, कारण ते सरकारी अधिकारी होते. परंतु ज्या महाराजांनी बदली मागितली त्यांच्याविरुद्ध विषप्रयोगाचा आरोप सिद्ध होणे ही गोष्ट फेयर यांच्या दोन वर्षांच्या सर्व कारभाराचे समर्थन ठरणार होती. ते फिर्यादी होते, साक्षीदार होते आणि पहिल्या दिवसांचे तपास अधिकारीही होते. त्यांनी काही खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की आपण अधिकारी मंडळी स्वतःच्या टिप्पण्यांना वस्तुस्थिती समजतो आणि समोरच्याच्या म्हणण्याला 'बचाव' म्हणतो. हा भेद पदामुळे पडतो, पुराव्यामुळे नव्हे.

दोन निकाल

महाराजांवर मुख्यतः चार आरोप होते. रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधले, त्यांना लाच दिली, हे बातम्या काढण्यासाठी किंवा विषप्रयोगासाठी केले, आणि प्रत्यक्ष विषप्रयोग त्यांच्याच चिथावणीने झाला. काऊच, मीड आणि मेलव्हिल या तिघांनी आरोप सिद्ध झाल्याचे मत दिले. शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला नाही असे म्हटले. आयोग नेमका अर्ध्यावर दुभंगला, आणि दुभंगला तो वर्णाच्या रेषेवर. त्यावेळी देशभर या गोष्टीची चर्चा झाली आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर पक्षपाताचा आरोप झाला.

मला मात्र या दोन मतांमधील पुराव्याचा फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. रेसिडेन्सीतील नोकरांना राजवाड्याकडून पैसे मिळत होते, या गोष्टीला दुजोरा होता. रावजीने त्या पैशांतून दागिने घडवले होते. आया अमिना रात्री राजवाड्यावर गेल्याचे सांगत होती. म्हणजे साथीदारांच्या कथनाचा अर्धा भाग, हेरगिरीचा आणि बक्षिसीचा, स्वतंत्रपणे पटण्यासारखा होता. प्रश्न असा, की या अर्ध्या भागाच्या खरेपणामुळे उरलेला अर्धा भागही खरा मानायचा का? रेसिडेन्सीतील नोकरांना पैसे चारून बातम्या काढणे हे त्या काळच्या संस्थानांत सर्रास चाले. विष घालणे ही अगदी वेगळ्या पातळीवरची गोष्ट. हिंदी सदस्यांनी हा फरक केला. दिनकररावांसारख्या आयुष्यभर संस्थानी कारभार केलेल्या माणसाला दरबारातला नोकर कोणत्या गोष्टीसाठी पैसे घेतो आणि कोणत्या गोष्टीचे नुसते नाव घेतो, हे ठाऊक असणार.

चतुर साक्षीदार सगळेच खोटे कधी सांगत नाही. तपासता येईल तेवढे तो खरे सांगतो आणि त्या खऱ्याच्या आधाराने दुसऱ्याचे नाव पुढे करतो. म्हणून दुजोरा हवा तो घटनेला नव्हे, तर ज्या माणसावर आरोप आहे त्याच्या त्या घटनेतील सहभागाला. हा विचार पुढे आपल्या न्यायालयांनी अनेकदा मांडला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या सरवणसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात माफीच्या साक्षीदारासाठी दुहेरी कसोटी सांगितली. तो मुळात विश्वासार्ह वाटला पाहिजे, आणि मग त्याच्या साक्षीला पुरेसा दुजोराही मिळाला पाहिजे.

सरकारचे निवेदन

आयोग दुभंगल्यावर सरकारपुढे पेच पडला. निर्दोष म्हणून महाराजांना परत गादीवर बसवावे तर सरकारची नाचक्की, आणि दोषी म्हणून काढावे तर तीन मोठ्या हिंदी सदस्यांचे मत विरुद्ध. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांना पदच्युत केले, पण कारण वेगळेच दिले. हा निर्णय आयोगाच्या निष्कर्षांवर आधारलेला नाही, तर महाराजांचे कुप्रसिद्ध गैरवर्तन, घोर गैरकारभार आणि सुधारणा घडवून आणण्याची उघड अक्षमता यांमुळे घेतला आहे, असे त्यात म्हटले.

गैरकारभार खरा होता. पण त्याच गैरकारभारासाठी सरकारनेच दिलेली मुदत डिसेंबर १८७५ पर्यंतची होती, म्हणजे ती संपायला आठ महिन्यांहून अधिक काळ बाकी होता. मग एवढा खटला, एवढा खर्च, एवढे साक्षीदार कशासाठी? माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत ठळक स्वार्थपर निवेदन रावजीचे नव्हे आणि दामोदरपंतांचेही नव्हे, ते हा जाहीरनामा आहे. त्यातील प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे समर्थनीय होते, पण निर्णयाचे खरे कारण त्यात नव्हते.

मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आले आणि तेथेच १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका मुलाला दत्तक घेतले, तेच सयाजीराव. दिवाणपदी सर टी. माधवराव आले. आयोगावर बसलेले मीड आणि त्यांच्यानंतर मेलव्हिल हेच पुढे बडोद्यात सरकारचे प्रतिनिधी म्हणून काम पाहू लागले. बडोद्याचे पुढे भले झाले यात शंका नाही. परंतु परिणाम चांगला निघाला म्हणून पद्धत योग्य होती, असा युक्तिवाद आपल्या कार्यालयांत रोज ऐकू येतो. तो धोकादायक आहे.

कायदा कोठवर आला

आरोपीचे तोंड आपल्या कायद्याने बराच काळ अर्धेच उघडे ठेवले. त्याला शपथेशिवाय प्रश्न विचारले जात, पण स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्षीदार म्हणून उभे राहण्याची मुभा त्याला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९५५ च्या दुरुस्तीने मिळाली. हा त्याचा हक्क आहे, सक्ती नाही. त्याने साक्ष दिली नाही म्हणून त्याच्याविरुद्ध तर्क करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) चे संरक्षण त्यामागे आहे. माफी देण्याचा अधिकारही कायद्याने पोलिसांकडे नव्हे तर न्यायाधीशांकडे ठेवला आहे.

१ जुलै २०२४ पासून स्टीफन यांच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. त्यात जुन्या कलम १३३ च्या जागी आलेल्या कलम १३८ मध्ये एक लहान पण अर्थपूर्ण बदल आहे. पूर्वी दुजोरा नसलेल्या साक्षीवरची शिक्षाही बेकायदेशीर ठरत नसे. आता शब्द आहेत ते दुजोरा मिळालेल्या साक्षीवरील शिक्षेविषयी. बडोद्यात ज्या फटीतून अर्धा आयोग एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला गेला, ती बुजवण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे, असे मी समजतो. विभागीय चौकशीला मात्र पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही. तेथे चौकशी अधिकाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी हेच बहुतेक वेळा एकमेव कलम असते.

पुन्हा ते गोदाम

आता माझ्या चौकीदाराकडे येतो. तो न्यायालयात गेला. अकराव्या वर्षी निकाल लागला आणि बडतर्फीचा आदेश रद्द झाला. निकालात म्हटले होते की किल्ल्यांच्या नोंदवहीनुसार त्या महिन्यात गोदामाची किल्ली लिपिकाच्या ताब्यात होती आणि चौकशी अधिकाऱ्याने ही नोंदवही मागवलीच नाही. लिपिकाने तारखा खऱ्या सांगितल्या होत्या, ट्रकचे क्रमांक खरे सांगितले होते, त्यांना दुजोराही मिळाला होता. खोटे होते ते एवढेच की कुलूप कोणी उघडले. सौम्य शिक्षेच्या मोबदल्यात त्याने आम्हाला एक माणूस दिला आणि आम्ही तो घेतला. तोवर चौकीदाराचे निवृत्तीचे वय उलटून गेले होते. थकबाकी मिळाली. शाळेतून काढलेल्या मुलाची वर्षे मिळाली नाहीत.

शासनाने माझा खुलासा मागवला. मी लिहिले : 'तत्समयी उपलब्ध असलेल्या पुराव्याच्या आधारे सद्हेतूने निष्कर्ष काढण्यात आला.' खुलासा मान्य झाला, प्रकरण बंद झाले. त्या वाक्यात असत्य काहीच नाही. नोंदवही 'उपलब्ध' नव्हती हे खरे, कारण मी ती मागितली नव्हती. पुढे बडोद्याच्या आयोगाची हकीकत वाचताना तो जाहीरनामा समोर आला, तेव्हा मला माझा खुलासा आठवला. दोन्हींची भाषा एकच आहे. कर्मणी प्रयोग, आणि कर्ता गायब.

नव्याने सेवेत येणाऱ्या मित्रांनी मला चौकशी कशी करावी असे विचारले तर मी चार गोष्टी सांगतो. पहिली, प्रत्येक जबानीच्या समासात लिहावे की हे बोलल्याने या माणसाला काय मिळते आणि न बोलल्याने काय जाते. दुसरी, दुजोरा कोणत्या मुद्द्याला आहे आणि कोणत्या मुद्द्याला नाही, याची वेगळी यादी करावी. तिसरी, जो माणूस एकच वाक्य पुनःपुन्हा बोलतो त्याचे ते वाक्य तपासून पाहावे, कारण कित्येकदा त्याच्याजवळ तेवढेच असते. चौथी गोष्ट स्वतःसंबंधी. आपल्या टिप्पणीलाही पहिला प्रश्न लावावा.

तो चौकीदार मला पुढे एकदाच भेटला, त्याच जिल्ह्यात, एका लग्नात. त्याने मला ओळखले आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. मी त्याला सांगायला हवे होते की चूक माझी होती. मी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली आणि पुढे गेलो.